भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्रात एम.एस्सी.: अमरावती-अकोल्यातल्या मुलामुलींसाठी आणि पालकांसाठी माहिती

बी.एस्सी.चा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची चौकशी सुरू होते. “तुम्ही शिकवता, तुम्हीच सांगा. पोरीनं आता बी.एड. करावं की एम.एस्सी.?” प्रश्न बरोबर असतो, पण उशीर झालेला असतो. चांगल्या ठिकाणी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. मिळणार की नाही हे निकालानंतर ठरत नाही. ते ठरतं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी विषय निवडताना, आणि पक्कं होतं शेवटच्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्ज भरताना. जूनमध्ये जे हातात राहतं ते उरलेल्या पर्यायांपैकी असतं.

आमच्या अनुभवात वऱ्हाडातल्या मुस्लिम घरांतली मुलं या विषयात मागे पडतात ती हुशारी कमी म्हणून नाही. गणित लवकर सुटतं, तारीख कळत नाही आणि कागद वेळेवर तयार नसतात, ही तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. तिन्ही घरातून दुरुस्त करता येतात. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

खगोलशास्त्र शिकायचं, तर भौतिकशास्त्र का?

बऱ्याच मुलांना तारे, ग्रह, कृष्णविवरं यांची ओढ असते. ती विचारतात, “खगोलशास्त्राची डिग्री कुठे मिळते?” भारतात खगोलशास्त्राची वेगळी एम.एस्सी. फार थोड्या ठिकाणी आहे. इथल्या बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी आधी भौतिकशास्त्र केलं आणि मग पीएच.डी.ला खगोलभौतिकी घेतली. ताऱ्याच्या पोटातली आग समजायला अणुकेंद्राचं भौतिकशास्त्र लागतं, ताऱ्याचा प्रकाश वाचायला पुंजयांत्रिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स लागतं. त्यामुळे रस्ता साधा आहे: बी.एस्सी. भौतिकशास्त्र, एम.एस्सी. भौतिकशास्त्र, मग खगोलशास्त्र. याचा एक फायदाही आहे. पुढे खगोलशास्त्रात जमलं नाही तरी भौतिकशास्त्राची पदवी नोकरीला उपयोगी पडते.

एम.एस्सी.च्या दोन वर्षांत साधारण हे विषय असतात: गणिती भौतिकशास्त्र, अभिजात यांत्रिकी, पुंजयांत्रिकी, विद्युतगतिकी, सांख्यिकी भौतिकी, इलेक्ट्रॉनिक्स, घन अवस्था, अणुकेंद्र व कण भौतिकी, संगणकावर आकडेमोड आणि प्रयोगशाळा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत यात संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांचे श्रेयांकही आले आहेत. तीन वर्षांची बी.एस्सी. करणाऱ्याला एम.एस्सी. दोन वर्षांची. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्याला ती एका वर्षात करण्याची सोय धोरणात आहे.

हा विषय आपल्यापासून लांब नाही

काही पालकांना वाटतं, हे सगळं अमेरिकेतलं काम. नकाशा उघडून बघा.

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरच्या पुढे, लोणारचं सरोवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात पडला. बेसॉल्टमधले असे खड्डे पृथ्वीवर अगदी मोजके आहेत. चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला म्हणूनच शास्त्रज्ञ लोणारला येतात. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी वाशिम आणि हिंगोलीवरून जाते. त्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ भागात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा मंजूर झाली आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर पहिल्यांदा पकडली आणि २०१७ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. आज आठवी-नववीत असलेलं वाशिमचं किंवा अकोल्याचं मूल एम.एस्सी. होईल तेव्हा असं काम घरापासून काही तासांवर असू शकेल.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळेची सहल काढायची तर यापेक्षा चांगली जागा आम्हाला सुचत नाही.

किबल्याचं गणित: घरात करून बघण्यासारखा प्रयोग

मूल या विषयात रमेल का, हे ओळखायला एक उदाहरण देतो. मक्का २१ अंश २५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, अमरावती सुमारे २० अंश ५६ मिनिटांवर. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच आडव्या रेषेत. मग किबला आपल्याकडून बरोबर पश्चिमेला असायला हवा ना? तसं नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन गावांमधला सर्वात जवळचा मार्ग अक्षवृत्तावरून जात नाही, महावृत्तावरून जातो. गोलीय त्रिकोणमिती वापरून हिशेब केला तर अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणांहून किबला पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेकडे येतो. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनी यांनी गझनी शहराच्या किबल्यासाठी याच जातीचं गणित मांडलं होतं.

हिशेब बरोबर आहे का, ते सूर्य सांगतो. दरवर्षी २७-२८ मेला भारतीय वेळेप्रमाणे दुपारी २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी आपल्या गच्चीवर सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली किबल्याच्या बरोबर उलट दिशेला पडते. हीच स्थिती १५-१६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास पुन्हा येते, पण जुलैत आपल्याकडे ढग असतात, म्हणून मेचा दिवस बरा.

त्याच्या दोन-तीन दिवस आधी, २४-२५ मेच्या सुमारास, अकोला-अमरावतीत भर दुपारी सूर्य आपल्याच डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. हे दोन्ही प्रयोग एका काठीत आणि एका खडूत होतात. फजर आणि इशाच्या अनेक वेळापत्रकांत सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असण्याची वेळ धरलेली असते. खगोलशास्त्रात संधिप्रकाश संपण्याचा कोनही तोच, १८ अंश.

हे वाचून जे मूल “पण ८ अंश कसे आले?” असं विचारेल, त्याला भौतिकशास्त्राकडे जाऊ द्या. इब्न अल-हैसम आणि अल-सूफी यांची नावं अभिमानाने घेणं चांगलंच, पण त्यांचा खरा वारसा तो, जो वही उघडून हिशेब करतो.

पाया: गणित सोडू नका

आपल्याकडे दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यम, आणि अकरावीला विज्ञान एकदम इंग्रजीत. या उडीत बरीच मुलं घाबरतात आणि “डॉक्टरच व्हायचंय” म्हणून गणित सोडून जीवशास्त्र घेतात. नीटमध्ये नंबर लागला नाही की बी.एस्सी.ला येतात, पण तोवर गणित सुटलेलं असतं. गणिताशिवाय बी.एस्सी. करता येते, भौतिकशास्त्राची चांगली एम.एस्सी. मात्र फार अवघड होते. अनेक आयआयटींची अटच असते की बी.एस्सी.त गणित किमान एक-दोन वर्षे शिकलेलं असावं.

म्हणून आमचा सल्ला असा:

- अकरावी-बारावीत जीवशास्त्र घेतलं तरी गणित ठेवा. चार विषयांचा गट जड जातो, पण दरवाजे उघडे राहतात.
- बी.एस्सी.त भौतिकशास्त्र मुख्य विषय असेल तर गणित जोडविषय घ्या. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित, भौतिकशास्त्र-गणित-इलेक्ट्रॉनिक्स, भौतिकशास्त्र-गणित-संगणक हे तिन्ही गट चालतात.
- पहिल्या वर्षीच कॅल्क्युलस, सदिश, मॅट्रिक्स आणि अवकल समीकरणं पक्की करा. एम.एस्सी.त नापास होणारी मुलं बहुतेक वेळा इथेच कच्ची असतात.
- पायथन ही संगणकाची भाषा थोडी तरी शिका. मोफत शिकता येते आणि खगोलशास्त्रात रोज लागते.

भाषेची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त आहे. उर्दू पुस्तकात जी कुव्वत, तेच मराठीत बल आणि इंग्रजीत फोर्स. उर्दूत तवानाई, मराठीत ऊर्जा, इंग्रजीत एनर्जी. मेयार-ए-हरकत म्हणजे संवेग, म्हणजे मोमेंटम. ज्याला कल्पना आपल्या भाषेत कळली आहे, त्याला फक्त नवं नाव शिकायचं असतं. अकरावीच्या सुट्टीत दोनशे शब्दांची तीन रकान्यांची वही करा: उर्दू, मराठी, इंग्रजी. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं इंग्रजी सोपं असतं, वाक्यं लहान आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा.

कुठे शिकता येईल?

*अमरावती.* संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठाच्या आवारात भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. शहरातलीच शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था म्हणजे १९२३ साली सुरू झालेलं जुनं किंग एडवर्ड कॉलेज. जुनी माणसं अजून तिला व्हीएमव्ही म्हणतात. तिथेही भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होते, आणि संस्था सरकारी असल्यामुळे फी तुलनेने कमी असते.

*अकोला.* श्री शिवाजी महाविद्यालय आणि आर.एल.टी. विज्ञान महाविद्यालय ही इथली विज्ञानाची जुनी नावं. कोणत्या महाविद्यालयात त्या वर्षी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर जागा किती, हे विद्यापीठाच्या प्रवेश सूचनेत बघा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

*नागपूर.* व्हीएनआयटी ही राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. तिथल्या एम.एस्सी.ला जॅम परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. अमरावतीच्या मुलांना ही सर्वात जवळची राष्ट्रीय संस्था.

*पुणे आणि मुंबई.* सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग जुना आणि नावाजलेला. त्याच आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ साली उभी राहिली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरची ‘सूट’ दुर्बीण आयुकातच तयार झाली. मुंबईत आयआयटी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था आहेत.

*हैदराबाद.* उस्मानिया विद्यापीठात खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे या विषयात एम.एस्सी. करता येते. वऱ्हाडाचा या जागेशी जुना धागा आहे. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाच्या कारभारात होता, आणि पुढेही निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या पैशाने दुर्बीण आणून हैदराबादेत वेधशाळा सुरू केली. त्यांच्यानंतर १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आली आणि निजामिया वेधशाळा म्हणून वाढली. साऱ्या आकाशाची छायाचित्रं घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प त्या काळी चालू होता. त्यात निजामियाने सात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजून दिल्या. भारतातले मोठे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांचे वडील याच वेधशाळेत काम करत होते.

प्रवेश परीक्षा आणि तारखा

*विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालये.* प्रवेशाची सूचना बी.एस्सी.च्या निकालाच्या आसपास निघते. सूचना संकेतस्थळावर येते आणि मुदत थोडी असते. त्या दिवसांत रोज बघा.

*जॅम.* आयआयटी, व्हीएनआयटीसारख्या संस्था आणि इतर काही नामवंत संस्थांच्या एम.एस्सी.साठी ही परीक्षा. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा पुढच्या फेब्रुवारीत. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते, वयाची अट नाही, आणि मुलींना फी निम्मी. भौतिकशास्त्राचा पेपर ३ तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात ३० बहुपर्यायी प्रश्न, तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. दुसऱ्या भागात एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकणारे १० प्रश्न, तिसऱ्या भागात आकड्यात उत्तर लिहायचे २० प्रश्न. या दोन भागांत गुण कापत नाहीत. आपली मुलं पाठांतराची उत्तरं लिहायला सरावलेली असतात, इथे मात्र गणित सोडवावंच लागतं. मागच्या वर्षांचे पेपर मोफत मिळतात. दर आठवड्याला एक सोडवला तरी वर्षभरात मोठा फरक पडतो.

*सीयूईटी-पीजी.* हैदराबाद विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी. अर्ज हिवाळ्यात निघतात. अलीगढचा विचार असेल तर त्यांची प्रवेश पुस्तिका वेगळी वाचा, कारण कोणता अभ्यासक्रम कोणत्या परीक्षेवर हे दरवर्षी तपासावं लागतं.

*जेस्ट आणि टाटा संस्थेची परीक्षा.* बी.एस्सी.नंतर थेट एकत्रित पीएच.डी.साठी. अवघड आहे, पण लागली तर शिक्षणासोबत विद्यावेतनही मिळतं.

परीक्षेशिवायचे दरवाजेही माहीत असू द्या. आयुका बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर घेते. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ कार्यक्रम चालवतं. अशा एका शिबिरातून आलेलं मूल पुढच्या मुलाखतीत वेगळं उठून दिसतं.

कागदपत्रं: इथे आपली मुलं अडकतात

सर्वात मोठी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘शेख’, आधारवर ‘शे.’, बँकेत वेगळंच स्पेलिंग. कुठे ‘मोहम्मद’, कुठे ‘मो.’, कुठे ‘एम.डी.’. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे. ऑनलाइन अर्जात हे जुळत नाही आणि शिष्यवृत्ती थांबते. दहावीचं प्रमाणपत्र हा आधार धरा आणि बाकी सगळं त्याप्रमाणे बारावीच्या सुट्टीतच दुरुस्त करून घ्या. दहावीच्याच कागदावर चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करा. खरंच नाव बदलायचं असेल तर राजपत्रात नोंद करावी लागते.

बाकी हे तयार ठेवा: अधिवास प्रमाणपत्र, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या गुणपत्रिका, आधारशी जोडलेलं बँक खातं. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादरी महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर वेळेवर काढावं. एक बारीक गोष्ट: आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थांना राज्याचा नमुना चालत नाही. केंद्राच्या ओबीसी यादीत आपली नोंद आहे का ते बघून केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षाचा दाखला लागतो. हे माहीत नसल्यामुळे मुलांचे अर्ज खुल्या गटात जातात.

पैशाची सोय

- *इन्स्पायर शिष्यवृत्ती:* बारावीला आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत, एम.एस्सी.पर्यंत मिळू शकते. बारावीनंतर लगेच अर्ज करावा लागतो.
- *महाडीबीटी:* राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि ओबीसींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती याच संकेतस्थळावर. दोन्हींच्या अटी वाचून आपल्याला लागू होणारी एक निवडा.
- *मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ:* राज्य सरकारचं हे महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. जिल्हा कार्यालयात चौकशी करा.
- *मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप:* पीएच.डी.साठीची ही योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. पालक अजून विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. आता पीएच.डी.साठी भरवशाचा रस्ता नेट-जेआरएफचा. त्यात पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो.

पुस्तकांवर फार खर्च करू नका. एच. सी. वर्मा, रेझनिक-हॅलिडे, ग्रिफिथ्स ही पुस्तकं ग्रंथालयात किंवा जुन्या बाजारात मिळतात. एनपीटीईएल आणि स्वयम् वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत आहेत.

मुलीला पाठवायचं का?

खरा अडसर बहुतेक घरांत इथेच येतो. अम्मी तयार असते, अब्बूंना चिंता असते, मामू म्हणतात, “बी.एस्सी. झालं ना, आता पुरे.” चिंता खोटी नसते, तिला नावं ठेवून काही होत नाही. पण उत्तरं आहेत.

पहिलं, एम.एस्सी.साठी मुंबई-पुणेच लागतं असं नाही. अमरावतीची मुलगी घरून जाऊन भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करू शकते आणि नेट देऊ शकते. नेटच्या अर्जात कॉलेज कोणतं याला गुण नसतात. दुसरं, अकोल्याच्या मुलीने अमरावतीत शिकायचं तर रोजची ये-जा टाळा. दोन्हीकडून दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो आणि प्रयोगशाळेचे तास बुडतात. मुलींचं वसतिगृह किंवा नात्यातलं घर बघा. तिसरं, लग्न ठरत असेल तर शिक्षण पूर्ण करण्याची गोष्ट आधीच, दोन्हीकडच्या मोठ्यांसमोर स्पष्ट बोलून घ्या. “नंतर बघू” म्हटलेल्या एम.एस्सी. आम्ही पूर्ण झालेल्या फार कमी पाहिल्या. चौथं, जेआरएफसाठी वयाच्या अटीत मुलींना ५ वर्षांची सवलत आहे, म्हणजे मधे खंड पडला तरी रस्ता लगेच बंद होत नाही.

आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोहोचलं. त्या मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी तमिळनाडूतल्या सेंगोट्टई या लहान गावच्या. त्या शिकल्या अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र नाही. पण लहान गावातून निघालेली मुस्लिम मुलगी सूर्याच्या मोहिमेपर्यंत पोहोचते, एवढं आपल्या मुलींना सांगायला पुरेसं आहे.

एम.एस्सी. झाल्यावर काय?

- *शिक्षक:* एम.एस्सी. आणि बी.एड. असेल तर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवता येतं. भरती टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, आणि पवित्र पोर्टलवरून. “बी.एड. की एम.एस्सी.” याचं आमचं उत्तर: आधी एम.एस्सी., मग बी.एड. उलट केलं की एम.एस्सी. बहुधा राहून जाते.
- *प्राध्यापक:* नेट किंवा सेट. महाराष्ट्र-गोव्याची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं.
- *अणुऊर्जा विभाग:* भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या मुलांची निवड होते. साधारण ६० टक्के गुण लागतात, म्हणून एम.एस्सी.त ‘पास झालं म्हणजे झालं’ असं करू नका.
- *वैद्यकीय भौतिकशास्त्र:* कर्करोगाच्या रुग्णालयात किरणोपचाराची मात्रा मोजणारा तज्ज्ञ भौतिकशास्त्राचा असतो. एम.एस्सी.नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा भाभा केंद्रात होतो. या नोकरीबद्दल आपल्या घरांत जवळजवळ कोणालाच माहीत नसतं.
- *संशोधन:* नेट-जेआरएफ, गेट किंवा जेस्टवरून पीएच.डी. खगोलशास्त्राची दारं इथून उघडतात.
- *इतर:* हवामान खातं, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, आणि गणित-संगणक चांगलं असेल तर विदा विश्लेषणाच्या नोकऱ्या.

खरं सांगायचं तर हा झटपट कमाईचा रस्ता नाही. बी.एस्सी.नंतर पक्की नोकरी लागायला चार-पाच वर्षे लागू शकतात, पीएच.डी. केली तर आणखी. ज्या घरात मोठ्या मुलाच्या कमाईवर चूल चालते, त्यांनी हा हिशेब आधीच मांडावा आणि शिष्यवृत्ती-जेआरएफचा विचार पहिल्या वर्षापासून ठेवावा.

तीन वर्षांचं वेळापत्रक

- *बारावीनंतरची सुट्टी:* नावं आणि कागदपत्रं दुरुस्त. इन्स्पायरचा अर्ज.
- *बी.एस्सी. पहिलं वर्ष:* भौतिकशास्त्रासोबत गणित. महाडीबीटीचा अर्ज, आणि तो दरवर्षी.
- *दुसरं वर्ष:* जॅमचा अभ्यासक्रम छापून भिंतीवर लावा. दर आठवड्याला थोडे प्रश्न. उन्हाळी शिबिरासाठी अर्ज.
- *तिसरं वर्ष, जुलै:* केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला, लागू असेल तर.
- *सप्टेंबर-ऑक्टोबर:* जॅमचा अर्ज. ही तारीख चुकली की एक वर्ष गेलं.
- *हिवाळा:* सीयूईटी-पीजी आणि जेस्टच्या सूचना बघत राहा.
- *फेब्रुवारी:* जॅम.
- *निकालानंतर:* जॅममध्ये जमलं नाही तरी अमरावती विद्यापीठाचा अर्ज भराच. तिथून दोन वर्षांनी नेट आणि गेट तितकेच मोकळे आहेत.

ज्या घरात आज एखादं मूल बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, तिथे आज रात्री जेवताना एवढंच विचारा: “गणित घेतलं आहेस ना?” उत्तर हो असेल तर बाकीची वाट काढता येते, इन्शाअल्लाह. नाही असेल तर विषय बदलण्याची मुदत संपण्याआधी मुलासोबत कॉलेजात जाऊन या.